माझ्या पोटातले बेडूक

दुपारच्या शांत स्वयंपाकघरात ओट्यावरून एक स्टीलचं झाकण खाली पडलं. लगेच थांबलं नाही. गोल गोल फिरत राहिलं, मग मंदावलं, आणि शेवटी फरशीला चिकटून गप्प झालं. मित्रांनो, मला त्या आवाजाने भरून आलं. मीही अशीच फिरायची. फक्त मला थांबायची मुभा नव्हती.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. दिसायला जाडजूड कंपासपेटीसारखी, उचलायला गेलात तर दगडासारखी. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत आणि माणसं जे जपून ठेवायचं ते त्यांच्यावर लिहितात. सध्या मी यशवंतपूरच्या एका फ्लॅटमध्ये, कांद्याच्या टोपलीशेजारी पडून आहे.

कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मलो, तिथलं काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं मल्लेश्वरमच्या एका संशोधन संस्थेत. तिथे एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचा मिळून एक मोठा संगणक. ज्याने त्याने आपापल्या टेबलावरून त्यात काम करायचं, आणि सामान आम्हा डिस्कांवर ठेवायचं. त्याची देखभाल विद्याश्री करायची. निपाणीकडची पोर, कामाला चोख. तिनेच मला खोक्यातून काढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि जागेवर बसवलं. नव्या डिस्कवर आधी कप्पे पाडायची रीत आहे. तिने ते पाडले नाहीत. म्हणाली, "हिला कप्पे कशाला? ही सगळीच्या सगळी रम्याची." मला केवढा अभिमान वाटला. याच गोष्टीने पुढे माझा घात केला.

रम्या बेडकांचा अभ्यास करायची. घाटात जायची, चिखलात तासन्‌तास बसायची, पायाला जळवा लावून परत यायची आणि बेडकांचे आवाज माझ्यात ओतायची. एखादा बेडूक दार कुरकुरल्यासारखा ओरडे, एखादा कुणी शिंक दाबावी तसा. त्यातला एक तिला पुन्हा कधी भेटलाच नाही. तो राहायचा ते तळं बुजवून टाकलं होतं. त्याचा आवाज आता फक्त माझ्याकडे होता. दुसरी प्रत काढायला हवी, असं सगळेच म्हणायचे. काढली कुणीच नव्हती.

मी त्यातला एकही आवाज हरवला नाही. विद्याश्रीचे साहेब विनोदकुमार पाहुण्यांना आमची खोली दाखवायचे तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणायचे, ही म्हातारी झाली, पण स्वल्पसुद्धा कुरकुर नाही.

मधल्या काळात विद्याश्रीला मुलगी झाली, अनुषा. विद्याश्री तेव्हापासून घरूनच सर्व्हर सांभाळू लागली. लेक मांडीवर आणि संगणक गुडघ्यावर, असं काम.

अनुषा चुरुचुरु बोलू लागली, तेव्हा एकदा सर्व्हरवर जागा कमी पडली. तो बंद करून एक नवी डिस्क माझ्या शेजारी बसवली. तो पुन्हा चालू झाला तेव्हा मला अजून कामाला जोडलेलं नव्हतं. नवी डिस्क सगळ्यांच्या सामाईक जागेत मिसळायची, एवढंच काम उरलं होतं. विद्याश्रीने घरून डिस्कांची यादी पाहिली. नवीवर कारखान्यातूनच एक कप्पा पाडून आला होता. माझ्यावर एकही नव्हता. त्यामुळे रिकामी ती भरलेली दिसली आणि भरलेली मी रिकामी. त्याच वेळी अनुषा तिच्या ओढणीला लोंबकळून बिस्किट मागत होती, हे मला मागाहून कळलं. विद्याश्रीने माझ्यावर नवी जागा आखायचा हुकूम दिला.

सर्व्हरने आपणहून विचारलं, की या डिस्कवर जुन्या वस्तीची खूण दिसते आहे, ती पुसू का? मित्रांनो, मी निर्धास्त होते. ती वाचेल. ती तर प्रत्येक ओळ वाचते.

तिने 'हो' दाबलं आणि बिस्किटांचा डबा काढायला उठली.

थोड्या वेळाने रम्याचा फोन गेला. "अक्का, माझे बेडूक कुठे आहेत?"

पुढे विद्याश्रीने जे केलं त्यात मात्र कुणी खोट काढू नये. आधी तिने हात आवरला. माझ्यावर आणखी एक अक्षर उमटू दिलं नाही. पुसली गेली होती ती दारावरची पाटी, घरातली माणसं अजून आतच होती. मग ती धावत मल्लेश्वरमला आली. तिने नव्या डिस्कवर माझी जशीच्या तशी नक्कल उतरवली, म्हणजे काही चुकलं तर नकलेवर चुकेल. आम्ही डिस्का आपल्या पाटीच्या प्रती पोटात ठिकठिकाणी ठेवून देतो. त्यातली एक तिने शोधली आणि पुढे लावली.

बेडूक ओरडले. सगळेच्या सगळे. रम्या फरशीवर बसली आणि म्हणत राहिली, तो आहे, अक्का, तो आहे.

मला वाटलं, आता ही मला थोपटेल. तेवढ्यात विनोदकुमार आले आणि काय झालं होतं ते विचारू लागले. विद्याश्री माझ्याकडे न बघता म्हणाली, "डिस्क जुनी झालेली, सर. तिनंच दगा दिला."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मग काढून टाका."

मी दगा दिला? मी तापले नव्हते, अडखळले नव्हते. सांगितलं ते सगळं सांभाळलं होतं, पुसलं गेल्यावरही सांभाळलं होतं. आणि ज्या हातांनी मला पुसून बसवलं, त्याच हातांनी माझ्यावर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवली.

तिची अडचण मला कळत नाही असं नाही. घरून काम करणाऱ्या आईबद्दल लोक काय बोलतात ते मी त्या खोलीत ऐकलं आहे. खरं बोलली असती तर ती मुभा गेली असती. पण खोलीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा तरी तिने एक शब्द बोलायचा होता. ती स्क्रू काढत राहिली.

म्हणून मित्रांनो, यंत्राने काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी वाचा. भरल्या डब्यावर नाव घाला. मोलाचं असेल ते दोन ठिकाणी ठेवा. आणि चूक आपली असली तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. ती उलटून बोलणार नाही, म्हणून तर नकाच मारू.

आमच्या पोटात जबरदस्त चुंबक असतात. सर्व्हर सांभाळणारी माणसं बिघडलेली डिस्क उघडतात आणि ते चुंबक फ्रिजवर चित्रं लावायला वापरतात. अनुषाला ते हवे आहेत, म्हणून विद्याश्रीने मला या घरी आणलं. आत्ता मायलेकी माझ्यापाशी येऊन बसल्या आहेत. विद्याश्रीने बारीक स्क्रूड्रायव्हर आणला आहे. पहिला स्क्रू निघालासुद्धा.

अनुषाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने विचारलं, हिला काय झालं?

"बिघडली, सोन्या."

"कशी?"

"म्हातारी झाली."

अनुषाने थोडा विचार केला.

"पण आई, रम्याअक्काचा फोन आला तेव्हा तू रडत होतीस ना, मी हे काय करून बसले म्हणून? मग हिला का फोडायचं?"