रंग लपवल्याची शिक्षा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी संध्याकाळी पत्ते ठरलेलेच. एका बाजूला बाबा आणि ती, समोर काका-काकू. आईला मागे उभं राहायची बंदी होती, कारण कोणाचीही पानं दिसली की तिचा चेहराच सगळं सांगून टाकी.

नियम काकांचे. बोललेले हात झाले तर हाताला दहा गुण, नाहीतर तितकेच वजा. वही रविवारामागून रविवार पुढे चाले, पाचशेला जो पोचेल तो जिंकला. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की मागितलेला रंग हातात असून दुसरं पान टाकलं, तर त्या जोडीचे सगळे गुण शून्य.

बाबा आणि ती चारशे ऐंशीवर होते. चौकटची उतारी झाली, बाबांनी बदाम टाकला. दोन हातांनंतर चौकटचा गुलाम त्यांच्याकडूनच निघाला.

"दादा, हा कुठून आला रे? बाहीतून?" काकांनी विचारलं.

"दिसला नाही रे."

"घड्याळजी माणूस तू. केसाएवढा काटा दिसतो आणि अख्खा गुलाम दिसत नाही? वहिनी, चोराशी संसार केलात."

सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिराने. तिला त्यावर एक उत्तर ठाऊक होतं. ते तिने दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात, उघड्या घड्याळासमोर बसल्याबसल्या बाबा गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका तो किस्सा सांगत. प्रेमाने, डोळे पुसत सांगत, पण सांगत. "शेवटच्या डावातही दादाने रंग लपवलाच." ऐकणारे हसत. ती पाण्याचे पेले गोळा करी आणि मनात गाठ मारी.

काकांनाही अलीकडे नीट दिसत नव्हतं. पण चष्म्यात म्हातारा दिसतो, म्हणून तो कायम खिशात. तिने तीन दुकानं पालथी घातली आणि फिकट छपाईचा पत्त्यांचा कॅट निवडला. त्यात चौकट आणि बदाम सख्ख्या भावंडांसारखे दिसत. आईला बाबांच्या जागी बसवलं. आई आणि काकू चष्मे पुसून खेळत. ती चार महिने मुकाट्याने हरत राहिली. काका चुकले तरी बोलली नाही. काका-काकू चारशे नव्वदवर पोचले, तेव्हा तिने चौकटच्या राणीची उतारी केली.

काकांनी बदाम टाकला. तिने डाव संपू दिला. शेवटच्या हाताला त्यांच्याकडून चौकटची सत्ती पडली.

"चौकट होती तुमच्याकडे."

काकांनी पान जवळ नेलं, लांब धरलं. "अगं, खरंच कळलं नाही. हा कॅटच फसवा आहे."

तिने वहीत शून्य काढलं, ठळक.

"जाऊ दे गं," काकू म्हणाली. "वय झालं त्यांचं."

"वयाचं काय? मी चोर नाही," काका म्हणाले. ओठ थरथरत होते.

हाच चेहरा बघायला ती थांबली होती. बघितला, आणि पोट काही भरेना.

"बाबाही चोर नव्हते," ती म्हणाली. "उजवा डोळा वर्षभरापूर्वीच गेला होता त्यांचा. डाव्याला भिंग लावून भागवत होते. गिऱ्हाईक तुटेल, कोणाला सांगू नकोस म्हणाले होते. आईलासुद्धा."

आईने हातातली पानं खाली ठेवली.

"तुम्ही त्यांना चोर म्हणालात, काका, तेव्हा मला हे ठाऊक होतं. आणि मी हसले."