फिरोजच्या नावाची दुरुस्ती

"मर की एकदाचं!" असं मशीनला म्हणून अजिनाथनं बोर्डाचं बटण खाटकन बंद केलं.

पडदा काळा झाला. जरा थांबून त्यानं बटण चालू केलं. मशीन घरघरलं, अर्धवट राहिलेलं अपडेट त्यानं आपलं आपणच गोळा करून पुरं केलं, आणि काही झालंच नाही अशा थाटात उघडलं.

अजिनाथचा डबा तसाच उघडा पडला होता.

आता हे काय चाललंय ते सांगतो. बीडच्या बसस्टँडमागं अंजनाताईंची अभ्यासिका आहे. वर पोरंपोरी परीक्षांचा अभ्यास करतात, खाली फिरोज आणि अजिनाथचं रिपेरिंगचं दुकान. वरची मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, दुरुस्तीला ह्या दोघांकडंच. त्यांच्यावर ती फुकटातली सिस्टीम टाकलेली, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली. गुणाची आहे, पण तिला एक खोड. ती कुणाला न विचारता आपली आपण अपडेट होते. आणि आपल्याकडं काय, बल्ब जरा लुकलुकला की पोरं पळत जाऊन बोर्डाचं बटण बंद करतात. लाईट परत येताना दणका देते आणि मशीन जाळते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मशीन मधेच बंद, अपडेट मधेच तुटलेलं, की दुसऱ्या दिवशी ते उघडायचंच नाही.

अशी मेलेली मशीनं खांद्यावर घेऊन जिना उतरायचा अजिनाथ. रात्री उशिरापर्यंत जिवंत करायचा तोही अजिनाथच. फिरोजनं काय केलं? ती सिस्टीम बनवणाऱ्यांना हा सगळा प्रकार नीट लिहून कळवला. बास. तिकडून उत्तर आलं. म्हणे, तुम्ही सांगितलं ते खरं आहे, आम्ही दुरुस्ती केलीय, सगळ्या जगाला द्यायच्या आधी तुम्ही तपासून सांगा.

झालं. अंजनाताईंनी हे अभ्यासिकेत टाळ्या वाजवून सांगितलं. पोरं फिरोजला 'सर' म्हणायला लागली. अजिनाथच्या घरी बायको, स्वप्नाली, भाकरी थापता थापता म्हणाली, "फिरोजभाईला परदेशातून इचारत्यात म्हणं. तुमाला कुणी इचारतं का वं?"

"मला तू इचारती की. तेवढं पुरं," अजिनाथ म्हणाला खरा, पण ती भाकरी त्याला चाववेना.

वैऱ्याचा हेवा करणं सोपं. शिव्या द्यायच्या, मोकळं व्हायचं. पण ज्याच्या घरचा शीरखुर्मा दर ईदला दोन वाट्या जास्त खाल्ला, त्याचा हेवा माणूस सांगणार कुणाला?

आज फिरोज वडलांना, कय्युमचाचांना, घेऊन डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता. जाताना म्हणाला, "अजिनाथ, आज जवाब द्यायचाय त्यांना. माझ्या खात्यातून तूच लिही. चाललं तर चाललं लिही, न्हाई तर न्हाई."

म्हणून अजिनाथ सकाळपासून मशीन मारत होता आणि मशीन काही मरत नव्हतं. अपडेटच्या सुरवातीला मारलं, मधे मारलं, शेवटाला मारलं. दर वेळी उठून बसायचं.

मग त्यानं उत्तराची जागा उघडली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, चालत नाही. आता एक बोट दाबायचं होतं. फिरोजचं नाव पडलं असतं तोंडावर.

बोट तसंच राहिलं. लबाडी उघडी पडली असती तर फिरोज हसला असता, आणि नसती पडली तर ह्याची ह्यालाच माहीत राहिली असती. तिच्यात काय मजा? अजिनाथनं लिहिलेलं पुसलं. त्याला मशीन खरोखर मेलेलं पाहिजे होतं.

"तुज्या मायला," तो मशीनला म्हणाला, "बीडची लाईट तुला अजून ठावं न्हाई."

आपल्याकडं लाईट एकदा जाऊन गप बसते का? जाते, येते, आशा दाखवते आणि परत जाते. अजिनाथनं बटण बंद केलं. चालू केलं. मशीन अर्धवट अपडेट गोळा करायला लागलं, आणि ते गोळा करत असतानाच त्यानं परत बटण पाडलं बंद. मग चालू केलं.

काळा पडदा. एका कोपऱ्यात बारकी रेघ लुकलुकत होती. पुढं काहीच नाही.

अजिनाथ असा हसला की समोरचा चहावाला उत्तरेश्वर गाळणी हातात घेऊन दारात आला.

"काय झालं बे?"

"मेलं!"

"कोण?"

"मशीन!"

"मग हसतो कावून?"

ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. अजिनाथनं सगळं लिहिलं, कधी बंद केलं, कधी चालू केलं, आणि ह्या वेळी बोट दाबलं. मग फिरोजला फोन लावला. आवाजात साखर घोळली.

"फिरोजभाई, वाईट वाटून घेऊ नका बरं का. तुमची दुरुस्ती फेल गेली."

"कशी काय?"

अजिनाथनं सांगितलं. एकेक बटण, चवीचवीनं.

"या अल्ला!" फिरोज ओरडला. "दोनदा! अबे, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई! जगभर गेली असती यार ती दुरुस्ती. लई मोठं काम केलंस तू! अब्बा, ऐका, आपल्या अजिनाथनं काय केलं!"

पलीकडून डोळ्याला पट्टी बांधलेल्या कय्युमचाचांचा खुश आवाज आला, "शाब्बास बेटा!"

अजिनाथनं फोन ठेवला. डबा झाकला.

तिकडच्या लोकांनी दुरुस्ती थांबवली. उत्तर पाठवलं, तुम्ही आम्हाला मोठ्या चुकीतून वाचवलंत, आभारी आहोत, फिरोज.

खातं फिरोजचं होतं ना.

दोन दिवसांनी फिरोज आला तेव्हा ह्या आभाराची बातमी ऐकून उत्तरेश्वरच्या टपरीवर अंजनाताई, पोरं, सगळे गोळा झाले होते. फिरोज बिचारा हात जोडून म्हणाला, "ताई, आईशपथ, मी तर इथं नव्हतोच. हे सगळं अजिनाथनं केलं."

"बघा रे बघा!" अंजनाताई पोरांना म्हणाल्या. "एवढं करूनबी सगळं श्रेय दोस्ताला देतोय. ह्याला म्हणत्यात मोठं मन!"

"न्हाई ओ ताई, खरंच..."

"पुरे तुमचं, फिरोजभाई. लई साधे तुमी."

जेवढं फिरोज खरं बोलायचा, तेवढा तो उंच व्हायचा. अजिनाथनं चहा बशीत ओतला आणि तोंड भाजलं तरी एका दमात पिऊन टाकला.

महिन्याभरानं नवी दुरुस्ती तपासायला आली. फिरोजनं खुर्ची सरकवली. "तूच बस. तुझ्याइतकं वाईट चिंतणारा माणूस आपल्या जिल्ह्यात न्हाई."

अजिनाथनं चमकून बघितलं. फिरोज हसत होता, पण डोळे खाली होते. म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. तरी खुर्ची दिली होती.

अजिनाथनं दिवसभर त्या मशीनचं जेवढं वाईट चिंतता येईल तेवढं चिंतलं. लाईट दोनदा घालवली, तीनदा घालवली, बटण भरभर खालीवर केलं. मशीन दर वेळी उठलं. शेवटी त्यानं लिहिलं, चालतंय. एवढं खरं आणि एवढं जड त्यानं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

पुढं ती दुरुस्ती सगळीकडं गेली. वरच्या अभ्यासिकेतही आपली आपण आली.

एका दुपारी दोघं तिथला पंखा बघायला शिडी घेऊन वर गेले असताना लाईट गेली, आली, परत गेली. आली तशी सगळी मशीनं एकामागून एक उघडली. तलवाड्याची वर्षाराणी नावाची पोरगी, जिचं मशीन लाईट गेली तेव्हा नेमकं अपडेट होत होतं, उठून फिरोजजवळ आली.

"थँक्यू हं, फिरोजसर."

फिरोजनं तोंड उघडलं. दाराशी चपला घालत असलेल्या अजिनाथकडं त्यानं बघितलं.

अजिनाथनं तिथूनच मान हलवली. नको.

फिरोज पोरीला म्हणाला, "बरं बरं, अभ्यास कर."

अजिनाथ शिडी खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागला.