डाव्या बाजूची काठी

उन्हाळ्यात कावेरीचं पाणी आटलं की गुरुमूर्ति वाद्यारांचा वर्ग नदीच्या पात्रातच भरायचा. वाद्यार म्हणजे गुरुजी. इन्नंबूरहून सायकलला काठ्यांचा भारा बांधून ते सकाळी येत आणि ऊन चढेपर्यंत वाळूत सिलंबम शिकवत. सिलंबम म्हणजे काठीची लढत. समोरच्याच्या अंगाला ज्याची काठी आधी लागेल त्याला गुण.

जयश्री शाळेत असल्यापासून तिथे जायची. आता ती कुंभकोणममधल्या एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि जिल्ह्यात तिच्या गटात तिला हरवेल अशी कोणी उरली नव्हती. वर्गातल्या मुली तिच्यासमोर उभ्या राहायला बिचकत, म्हणून सरावाला तिचा थोरला भाऊ प्रवीणकुमार यायचा. बसस्टँडमागे त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आधी वाळूत तासभर काठी, मग दुकान, असा त्याचा दिवस सुरू व्हायचा.

मार्चमधल्या एका सकाळी दोघांनीही डोक्याला जाळीचा टोप घातला नाही. उकडत होतं, आणि भावाबहिणीच्या सरावात कसला टोप, असं दोघांनाही वाटलं. प्रवीणने वरून मारलेली काठी जयश्रीने अडवली, पण ती तिच्या काठीवरून घसरली आणि तिचं टोक जयश्रीच्या डाव्या डोळ्यावर बसलं. ती वाळूत गुडघ्यांवर बसली. बोटांमधून रक्त येत होतं. प्रवीण तिला उचलायचं सोडून हातातली काठी धरून तसाच उभा होता. वाद्यारांनी ओरडून त्याला भानावर आणलं.

डॉक्टरांनी औषधं दिली, विश्रांती सांगितली. डोळा वाचला होता, नजर हळूहळू परत येईल म्हणाले. "पण डोळ्यासमोर ठिणग्या चमकल्या, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी या. उद्यावर टाकू नका." जयश्रीने मान डोलावली.

सूज उतरली. नजर बरीचशी परत आली. आई, मीनाक्षीबाई, म्हणाली, "पुरे झालं आता. शाळेत मुलांना पळव, खेळव. तुज कशास हवी ती काठी?" पिढ्यान्पिढ्या तिकडेच राहिलेल्या त्यांच्या मराठी घरात अजून असंच जुनं मराठी बोललं जाई, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सगळे तमिळवर येत.

"जूनमध्ये तंजावरला राज्याच्या संघाची निवड आहे, आई. सव्वीस वर्षं झाली मला. पुढच्या वर्षी कोण विचारतंय?"

ती पुन्हा वाळूत जाऊ लागली. प्रवीण मात्र गेला नाही. त्याने आपली काठी माळ्यावर टाकली होती, आणि जेवताना तो बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचा.

आता तिच्यासमोर लावण्या उभी राहू लागली. लावण्या कॉलेजात होती, हात चपळ, पण अजून कच्ची. तरी जयश्री तिच्याकडून मार खाऊ लागली. काठी चेहऱ्याकडे आली की तिचे डोळे मिटत, मान मागे जाई आणि पाय जागीच खिळत. स्वतःच्याच अंगाची तिला चीड येई.

"भय आहे हे," वाद्यार म्हणाले. "डोळा बरा झाला, भय राहिलं. ते नाना सोंगं घेतं, असं जात नाही. मारून काढावं लागतं."

तिला ते पटलं. ती शाळा सुटल्यावर लावण्याला घरी बोलावू लागली. मागच्या दारी भिंतीला पाठ लावून उभी राही आणि लावण्या तिच्या चेहऱ्याच्या दिशेने रबरी चेंडू फेकी. डोळे मिटायचे नाहीत, एवढाच नियम. मीनाक्षीबाईंनी एकदा ते पाहिलं आणि हातातली भांडी तिथेच ठेवून त्या आत गेल्या.

मे महिन्यात देवघरातला दिवा मालवताना जयश्रीच्या डाव्या डोळ्यात काहीतरी चमकलं. तिला वाटलं, वात तडतडली. दुसऱ्या दिवशी ती सुटीतल्या शिबिरासाठी शाळेत गेली, तर जिन्यात पुन्हा चमकलं. तिथे दिवा नव्हता. झोप कमी होतेय, ती स्वतःशी म्हणाली. मग डाव्या कडेला एक सावली येऊ लागली, कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिल्यासारखी. ती वळून बघायची, तर कुणी नसायचं. डॉक्टरांचे शब्द तिला आठवत होते. पण दवाखान्यात गेलं की निवड गेली, हेही तिला ठाऊक होतं. आणि हेही भयच असलं तर? वाद्यार म्हणालेच होते, भय नाना सोंगं घेतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

निवडीला आठवडा उरला तेव्हा ती प्रवीणच्या दुकानात गेली. तो एका गाडीची साखळी बसवत होता.

"अण्णा, उद्या सकाळी ये. लावण्याच्या काठीला जोर नाही. मला खरी काठी हवी."

"दुसऱ्या कुणाला सांग."

"दुसरं कोण आहे?"

"मी नाही मारणार तुला, जया."

"मग तंजावरला कुणीतरी मारेल. परकं कुणी. तू ओळखीचा आहेस. तुझी काठी आली आणि मी डोळे मिटले नाहीत, तर मला कळेल मी लढू शकते ते."

त्याने बराच वेळ काळे हात चिंध्यांना पुसले. शेवटी म्हणाला, "टोप घालायचा. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

सकाळी तो आला. वाद्यारांनी वर्ग बाजूला बसवला. सुरुवातीला प्रवीणची काठी एवढी हळू येत होती की जयश्री चिडली. "गाडी पुसतोयस का? मार!" मग त्याचा हात मोकळा झाला. जयश्रीने उजवीकडचे दोन फटके अडवले, एक त्याच्या बरगडीला लावला. डोळे उघडे होते. तिला वाटलं, आलं, जुनं सगळं परत आलं. वाद्यार मांडीवर थाप मारून दाद देत होते.

प्रवीणने काठी फिरवली आणि ती जयश्रीच्या डाव्या कानशिलाच्या दिशेने आली.

जयश्री हललीच नाही. पापणीसुद्धा लवली नाही. काठी टोपापासून बोटभर अंतरावर थांबली. प्रवीणने ती दोन्ही हातांनी खेचून धरली होती.

"शाब्बास!" वाद्यार उठून उभे राहिले. "गेलं भय! बघितलंत? अशी नजर पाहिजे!"

प्रवीणचा चेहरा पांढरा पडला होता. काठी तशीच धरून तो म्हणाला, "जया, माझी काठी कुठे आहे?"

"समोर."

"कुठे समोर?"

तिने मान वळवली तेव्हा तिला काठी दिसली, अगदी कानापाशी.

"तू भ्यायली नाहीस," प्रवीण हळूच म्हणाला. "तुला दिसलीच नाही."

"दिसली. तू थांबवणार हे मला माहीत होतं."

"टोप काढ. उजव्या डोळ्यावर हात ठेव."

"अण्णा, सगळ्यांसमोर नको."

"हात ठेव!"

तिने ठेवला नाही. टोप वाळूत टाकला आणि काठी घेऊन चालू लागली. वाद्यार मागून आले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "पाच-सहा दिवसांचा प्रश्न आहे, अम्मा. टोप असतोच. लढ, आणि मग दाखव डॉक्टरला. एवढं केलंस, आता काठावर येऊन..." जयश्रीला नेमकं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर तिने चालण्याचा वेग वाढवला.

घरी मीनाक्षीबाई चुलीपाशी होत्या. जयश्री पाटावर बसली. आईने डावीकडून कॉफीचा पेला पुढे केला. "घे ना," त्या म्हणाल्या, "किती वेळ धरू?" जयश्रीने आवाजाच्या दिशेने हात नेला, पेल्याला धक्का लागला आणि गरम कॉफी दोघींच्या हातांवर सांडली.

जयश्रीने ओला हात उजव्या डोळ्यावर ठेवला. आईचा अर्धा चेहरा दिसत होता. उरलेल्या अर्ध्याच्या जागी करडं काहीतरी होतं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं हलणारं. वाळूत, काठीसमोर, इतक्या दिवसांत तिला जे वाटलं त्याच्याहून हे भय वेगळं होतं.

"आई, अण्णाला बोलव," ती म्हणाली. "आत्ता बोलव."

डोळ्याच्या मागचा पडदा, दृष्टिपटल, जागचा सुटला होता. त्याच दिवशी आई आणि प्रवीण तिला मदुरैच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मग पडदा जागेवर चिकटावा म्हणून कित्येक दिवस तिला तोंड खाली करून पडायचं होतं, जेवतानाही मान वर करायची नाही. तिला फक्त फरशी आणि माणसांचे पाय दिसत. आईच्या पायातली जोडवी, प्रवीणच्या चपलांवरचे तेलाचे डाग. मदुरैचे डॉक्टर म्हणाले, ठिणग्या दिसल्या तेव्हाच आला असतात तर बरंच वाचलं असतं. आता त्या डोळ्याला उजेड कळेल, समोर हात हलवला तर हलतोय हे कळेल.

निवड होऊन गेली. लावण्या गेली होती, दुसऱ्या फेरीत हरली.

वाद्यार घरी भेटायला आले, केळ्यांची फणी घेऊन. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"ठिणग्या दिसत होत्या मला, वाद्यार," जयश्री म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "सांगितलं असतंस, तर मी काय म्हटलं असतं?"

दोघांनाही उत्तर माहीत होतं. मीनाक्षीबाईंनी आतून ताक आणून दिलं, ते त्यांनी उभ्यानेच प्यायलं आणि ते गेले.

जुलैत कावेरीला पाणी आलं, वाळू बुडाली, वर्ग दुसरीकडे भरू लागला. जयश्री शाळेत पुन्हा रुजू झाली. लढत आता कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रस्ता ओलांडताना प्रवीण न चुकता तिच्या डाव्या हाताला येई. एका संध्याकाळी तिला ते सहन झालं नाही.

"तुझ्या काठीने गेला नाही डोळा. मी गप्प बसले म्हणून गेला."

"दोन्हीने गेला," प्रवीण म्हणाला. तो तिच्या डाव्या बाजूनेच चालत राहिला.

रविवारी ती काठी घेऊन गच्चीवर गेली. एकटीने फिरवायला कुणाची बंदी नव्हती. उजवीकडे काठी पूर्वीसारखीच सरसर फिरली. डावीकडे नेली तसा हात आखडला. तिने दात आवळून वेग वाढवला, काठी कठड्यावर आदळली आणि मनगटात कळ गेली. तिने पुन्हा उचलली. पुन्हा आदळली. मीनाक्षीबाई वाळलेले कपडे काढायला वर आल्या होत्या. त्या जिन्याच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"थांबू?" जयश्रीने विचारलं.

"थांब म्हटलं तर थांबशील होय?"

जयश्रीला धाप लागली होती. तिने मनगट चोळलं, डावीकडे मान पूर्ण वळवून कपड्यांच्या दोरीपर्यंतचं अंतर बघून घेतलं.

"आज थांबते," ती म्हणाली, आणि काठी भिंतीला टेकवून, आईने घडीसाठी दोरीवरून काढलेल्या साडीचं दुसरं टोक धरायला गेली.