रांजणाचं शेवटचं पाणी

जुमबेर रांजणात उतरला तेव्हा त्सियाला टोपलीतल्या द्राक्षांमधली पानं वेचत होती आणि मधूनच आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. गेल्या वसंतापासून तिला ही खोड लागली होती. कणीक मळताना, दुधाला विरजण लावताना ती आधी हात पाहायची, मग काम करायची.

त्याला कारण होतं. गेल्या शरदात तिचा नवरा रेवाझ गेला. द्राक्षं काही दुखवटा पाळत नाहीत. आठवड्याभरात ती उतरवावी लागली आणि रेवाझच्या जागी रांजणापाशी तीच उभी राहिली. रस, साली, बिया सगळं एकत्र आत गेलं. दिवसातून चार वेळा लांब दांड्याने वर आलेल्या साली तिनेच खाली दाबल्या, मग दगडी झाकण बसवून त्यावर ओली माती लिंपली. वसंतात झाकण काढलं, तर आत मधाच्या रंगाची वाइन नव्हती. सिरका होता. वास अंगणापर्यंत आला.

आतेनीच्या या थंड दरीत द्राक्ष उशिरा पिकतं आणि पिकूनही आंबटच राहतं. सालींसोबत जमिनीच्या पोटात हिवाळा काढला की त्याला रंग येतो, अंग येतं. ते नासलं म्हणजे कुणाचं तरी चुकलं. कुणाचं, हे ठरवायला गावाला वेळ लागला नाही. रांजणाला बाईचा हात लागला होता. मुलीच्या, खातियाच्या लग्नात परगावची वाइन वाढावी लागली. व्याह्यांनी पेला उजेडात धरून पाहिला आणि न बोलता खाली ठेवला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्सियालाला बरं वाटलं असतं.

जुमबेर तिचा धाकटा दीर. खांद्याने अरुंद, त्यामुळे रांजणाच्या तोंडातून सहज आत जाणारा. रांजण धुवावा तर त्यानेच, असं दरीत नाव; गेल्या वर्षीही तोच आत उतरला होता. त्याने तिची समजूत घातली होती. वहिनी, तुझा दोष नाही, बाईच्या हाताला ते मानवतच नाही, असं तो चारचौघांत म्हणाला होता, तेही डोळ्यांत पाणी आणून. मग हळूहळू ठरत गेलं की यंदा सगळं जुमबेरने करायचं, आणि आज संध्याकाळच्या जेवणात सगळ्यांसमोर त्सियालाने मळा आणि रांजणघराची किल्ली त्याच्या हवाली करायची. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती. सकाळपासून ती मांडीला टोचत होती.

रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, दीड पुरुष खोल. आतून चेरीच्या खोडाच्या सालींनी बांधलेला घासणा फिरल्याचा आवाज येत होता. दोन वेळा पाणी आत गेलं, दोन वेळा बादल्या भरून वर आलं. मग आतून जुमबेरने हाक मारली, की झालं, शिडी धरा.

त्सियाला उठली आणि सवयीने कोनाड्यातला रेवाझचा मातीचा वाडगा घेऊन गेली. रेवाझच्या वेळी हे असंच चालायचं. धुणाऱ्याने रांजणातलं शेवटचं पाणी वाडग्यात घ्यायचं, घोटभर स्वतः प्यायचं, उरलेलं घरधन्याला द्यायचं. ज्या रांजणाचं पाणी पिववत नाही, त्यात रस ओतायचा नाही. तिने वाडगा दोरीने खाली सोडला.

"हे कशाला आता, वहिनी?" जुमबेर म्हणाला. "घरातल्या घरात कसली परीक्षा? गेल्या वर्षी तरी कुठे केलं होतं?"

गेल्या वर्षी. त्सियालाला ते आठवलं. दुखवट्याच्या घरात पेला उचलायचा नसतो, असं म्हणून त्यानेच वाडगा कोनाड्यात ठेवला होता, आणि याला भावाची केवढी माया म्हणून ती रडली होती. तिने रांजणातून नुकत्याच वर आलेल्या बादलीत बोटं बुडवली. पाण्यावर तपकिरी खपल्या तरंगत होत्या. तिने बोटं नाकाशी नेली. सिरका.

तिने शिडी ओढून वर घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"वहिनी? शिडी कुठे गेली?"

"पाणी प्या, भावजी. मग शिडी."

आधी तो हसला. मग त्याने पाठदुखीचं कारण सांगितलं, आतल्या गारठ्याचं सांगितलं, थोरल्या भावाच्या आत्म्याला काय वाटेल तेही सांगितलं. त्सियालाने उत्तरादाखल आणखी दोन बादल्या पाणी खाली सोडलं. तोडणीला आलेले शेजारी दाराशी गोळा झाले. म्हातारा शाक्रो लाकडी डोणीत द्राक्षं तुडवत होता, तो तशाच रसाळ पायांनी आत आला आणि काठावरून वाकून म्हणाला, "काय रे जुमबेर, भाड्याने राहिलास की काय आत?"

कुणीतरी फिसकन हसलं. त्सियाला हसली नाही. तिचे कान तापले होते.

घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, या वेळी खराखुरा. तिसरं पाणी वर आलं ते चहासारखं काळपट. चौथ्यात खपल्या होत्या. पाचव्याच्या वेळी जुमबेर थकला असावा. आवाज अगदी खाली आणून, फक्त तिलाच ऐकू जावं अशा बेताने तो बोलला. इतकी वर्षं रांजण धुणारा माणूस, पण त्या क्षणी विसरला की रांजणात कुजबुज होत नाही. मातीचं ते पोट शब्द घेतं आणि चौपट करून वर फेकतं.

"गेल्या वर्षी दोनच पाणी दिली होती गं. खालच्या गावात लग्न होतं, मला तमादा केलं होतं. पहिला पेला उचलून बोलायचा मान माझा, सगळी पंगत खोळंबली असती. म्हटलं, धकून जाईल. हे आपल्या दोघांतच राहू दे, वहिनी."

रांजणघर भरून ते शब्द दारापर्यंत गेले. शाक्रोने टोपी काढली आणि उगाचच पुन्हा घातली. दाराशी उभ्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग खाली.

"आणि माझा हात?" त्सियाला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वसंतापासून गाव माझ्या हाताला बोल लावत होतं. तू शेजारी बसून मान हलवत होतास. माझ्या पोरीच्या लग्नात परक्याची वाइन वाढली, तिथेही तमादा तूच होतास, निर्लज्जा."

तिने सहाव्या पाण्याची बादली खाली सोडली.

"घास," ती म्हणाली.

सातवं पाणी निघालं तेव्हा ऊन समोरच्या डोंगरावर चढलं होतं. जुमबेरने वाडगा भरला आणि प्यायला. त्याच्या घशाचा आवाजसुद्धा वर ऐकू आला. मग दोरी हलली. त्सियालाने वाडगा वर घेतला आणि उरलेलं पाणी सगळ्यांदेखत संपवलं. गार, दगडासारखं, थोडी मातीची चव. बाकी काही नाही. मग तिने शिडी सोडली.

जुमबेर भिजलेला, थरथरत बाहेर आला. जेवणाच्या वेळी आपण उभं राहून सगळ्यांची माफी मागू, चांगलं बोलू, असं तो पुटपुटला. त्याची नजर तिच्या खिशाकडे गेली.

"सांगून झालंय तुझं," ती म्हणाली. "यापेक्षा चांगलं तुला बोलता येणार नाही. किल्ली माझ्याकडेच राहील."

तो कोट घेऊन निघाला. कुणी थांब म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. चेरीच्या सालींचा घासणा तिथेच राहिला.

डोणीतल्या रसाने सालींसकट रांजण भरला तेव्हा शाक्रोने दांडा उचलला आणि विचारलं, की वहिनी, मी ढवळू का? त्याच्या आवाजात ओशाळेपणा होता. गेल्या वसंतात बाईच्या हाताची गोष्ट सगळ्यात आधी त्याच्याच ओट्यावर निघाली होती, हे त्सियालाला ठाऊक होतं. तिने दांडा काढून घेतला.

राग उतरला नव्हता. जुमबेरवर होता, शाक्रोवर होता, दाराशी खाली मान घालून उभ्या असलेल्या बायकांवर होता. आणि सगळ्यात जास्त होता तो रोज सकाळी विरजण लावण्याआधी स्वतःचाच हात तपासणाऱ्या बाईवर. तिने दांडा भिंतीला टेकवला, बाही खांद्यापर्यंत वर सारली, काठाशी गुडघे टेकले आणि रांजणाच्या गळ्यापर्यंत आलेल्या त्या थंड, चिकट सालींमध्ये उजवा हात कोपरापर्यंत घातला. सगळे बघत होते. तिने त्यांना पोटभर बघू दिलं.