माझा लहरी लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंगाने निळी. म्हणजे जिथे जिथे रंग उरला आहे, तिथे निळी. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी मला दारे बसवली, कुणी काचा बसवल्या, आणि अगदी शेवटी एका बाईंनी स्टिअरिंगसमोरच्या पट्टीत छोटे छोटे दिवे बसवले. त्यांतला एक लालभडक होता आणि त्यावर बॅटरीचे चित्र होते. बाईंनी तो एकदा पेटवून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ ना, कसलं काम आपलं! जीव लावून बसवायचं आणि पेटू नकोस रे बाबा म्हणायचं."

पुढची कितीतरी वर्षे दिव्याने त्यांचे ऐकले. माझ्या पहिल्या मालकीणबाई मुख्याध्यापिका होत्या. त्या मला फक्त रविवारी बाहेर काढत आणि इतक्या सावकाश चालवत, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. सोमवार ते शनिवार मी खोळीखाली बसून असे. लोक माझे कौतुक करत, "काय ठेवलीय गाडी, जशी काल आणलेली!" कौतुक कुणाला आवडत नाही? पण खरे सांगते, मला फार कंटाळा यायचा.

मग मला जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतले आणि माझे नशीबच फिरले. रोज चार-पाच गोठे! मागच्या सीटवर दोर, रबरी बूट, औषधांची पेटी. एकदा तर एक आजारी मेंढी सीटवर बसून ऐटीत दवाखान्यात आली. माझ्या अंगाला गवताचा आणि फिनेलचा वास लागला, दाराला शिंगाचा पोचा पडला. पण मला रोज वाटे, की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत.

आणि एके दिवशी तो लाल दिवा पेटला.

पेटला आणि मिनिटभरात विझला. दोन दिवस काही नाही. मग पुन्हा पेटला, पुन्हा विझला. डॉक्टरीणबाई मला मिस्त्रींच्या गॅरेजात घेऊन गेल्या. तिथे दिवा शहाण्या मुलासारखा गप्प! मिस्त्रींनी इंजिनाचा पट्टा ताणून पाहिला, तो चांगला घट्ट होता. तरी त्यांनी बॅटरी नवी घातली आणि छातीवर हात मारून म्हणाले, "ताई, आता पेटला तर मिशी उतरवीन."

पेटला. पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो, तेव्हा मिस्त्री बिनमिशीचे होते. शब्दाचा पक्का माणूस! पण त्या दिवशीही त्यांच्यासमोर दिवा काही पेटला नाही. तासभर बॉनेट उघडून त्यांनी वाट पाहिली आणि हात टेकले. मित्रांनो, तुम्ही विचाराल, तुझे दुखणे तुला कळत नव्हते का? नाही हो. पोट दुखते एवढेच लहान बाळाला कळते, कुठे दुखते ते सांगता येत नाही. माझे तसेच झाले होते.

मग तो वाईट दिवस उजाडला. डोंगरापलीकडच्या एका गोठ्यात गाय अडली होती. धो धो पाऊस, समोरचे दिवे चालू, वायपर चालू. लांबलचक चढावर लाल दिवा पेटला तो विझेचना. गोठा मैलभर राहिला असताना माझा श्वासच संपला. डॉक्टरीणबाईंनी पेटी उचलली आणि चिखल तुडवत धावत सुटल्या. वासरू वाचले, पण अगदी थोडक्यात. मला ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणले. तेव्हा मला इतकी शरम वाटली, की काय सांगू!

अंगणात उभ्या उभ्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज वासरू गेलं असतं. आता पुरे झालं."

"भंगारवाल्याला बोलावतो," त्यांचे यजमान म्हणाले.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "दिवा पेटतो कधी?"

सगळे चमकून वळले. ते डॉक्टरीणबाईंचे सासरे होते. चौतीस वर्षे त्यांनी टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या होत्या. खांबावर चढावे, तुटलेली तार शोधावी आणि मुकी झालेली घरे पुन्हा बोलती करावीत, हे त्यांचे काम. सासूबाई गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. हात थरथरत, म्हणून घरात त्यांना कुणी काही करू देत नसे. कप उचलायला गेले, की "तुम्ही बसा, बाबा." खुर्ची सरकवायला गेले, की "तुम्ही बसा, बाबा." बसून बसून त्यांचे बोलणेच थांबले होते.

"केव्हाही पेटतो, बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"केव्हाही असं काही नसतं, सूनबाई. कधीमधी जाणारी लाईन मी शंभरदा पकडलीय. आपल्याला केव्हाही वाटतं, तिचं गणित ठरलेलं असतं. मला पंधरा दिवस द्या."

"पण तुम्ही बसा ना आता निवांत..."

"बसतोच की. फक्त गाडीत बसतो."

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि माझी भंगाराची वाट पंधरा दिवसांसाठी बंद झाली.

रात्री बॅटरी चार्ज करून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा शेजारच्या सीटवर. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. दिवा पेटला, की ते ओरडत, "आत्ता काय केलंस?"

"काही नाही, बाबा!"

"काही नाही म्हणजे काय काय?"

पहिले दोन दिवस डॉक्टरीणबाई वैतागल्या. तिसऱ्या दिवशी त्या आपणहूनच सांगू लागल्या. "पहिला गिअर, वायपर बंद, पाऊस नाही." बाबा थरथरत्या अक्षरात सगळे टिपून घेत. आधी त्यांचा संशय पावसावर होता, पण दिवा कोरड्या दिवशीही पेटला. मग संशय खड्ड्यांवर आला, पण खड्ड्यांत तो शांत राहिला. दिवसभर दोघे बोलत असत. चौतीस वर्षांच्या खांबांच्या गोष्टी निघाल्या. एकदा म्हणे तारेवर सापाने वेटोळे घातले होते आणि बाबा अर्धा दिवस खांबावरच अडकले होते! डॉक्टरीणबाईंना इतके हसू आले, की मला कडेला थांबवावे लागले. गोठ्यातही बाबा नुसते उभे राहात नसत. गायीचा दोर धरत. दोर धरायला हात थरथरला तरी चालतो, उलट गाय त्यांच्याजवळ जास्त शांत राहायची. ते तिच्याशी सारखे बोलत असत ना!

बाराव्या दिवशी अंगणात माझ्या बॉनेटवर वही उघडली गेली.

"अकरा वेळा पेटला," बाबा म्हणाले. "नऊ वेळा चढावर, थांबून निघताना. दोनदा चढावर गाडी मागे घेताना. सपाटीवर एकदाही नाही. आणि मिस्त्रीचं गॅरेज?"

"सपाट!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण चढाचा आणि बॅटरीचा काय संबंध?"

"जोर लागला की इंजिन जागेवर कलतं. ते कललं की कुठलीतरी तार ओढली जाते. बघूच या."

चाकांना विटा लावल्या. बाबांनी बॅटरीला मीटर जोडला आणि ते बॉनेटच्या बाजूला उभे राहिले. "समोर उभं राहायचं नाही, कडेला राहायचं," असे ते स्वतःलाच बजावत होते. डॉक्टरीणबाईंनी आत बसून किल्ली फिरवली आणि मी घुरघुरू लागले. मीटर सव्वाचौदा व्होल्ट दाखवत होता. इंजिन चालू असताना तेवढेच हवे. याचा अर्थ बॅटरीला खुराक मिळतो आहे.

"आता पहिला गिअर टाक, ब्रेक दाबून धर, आणि क्लच हळू, अगदी हळू सोड."

माझे इंजिन कण्हत एका बाजूला कलले. अल्टरनेटर, म्हणजे माझ्या पोटातले वीज करणारे यंत्र, त्याच्याकडून निघालेली जाड तार ताणली गेली. मीटर धाडकन बारावर! लाल दिवा लख्ख!

"पेटला!" डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या.

"पेटला!" बाबा बाहेरून ओरडले. बिघाड सापडल्याचा इतका आनंद मी आजवर पाहिला नव्हता.

मिस्त्री लगोलग आले. तार वरून अगदी धडधाकट दिसत होती. त्यांनी ती टोकाशी कापली, तर आत हिरवी भुकटी झालेली आणि तांब्याचे जेमतेम चार धागे शिल्लक. चढावर तेही एकमेकांपासून सुटायचे आणि बॅटरी उपाशी राहायची. मिस्त्रींनी कानाला हात लावला. "बाबा, मी बॅटरीला उगाच नावं ठेवली. गॅरेजात या कधी, मला शिकवा."

"मिशी वाढव आधी," बाबा म्हणाले.

नवी तार बसली. त्याच संध्याकाळी आम्ही तिघे डोंगराच्या चढावर गेलो. मधेच थांबलो, निघालो. पुन्हा थांबलो, पुन्हा निघालो. दिवा पेटला नाही. अगदी वरच्या टोकाला डॉक्टरीणबाईंनी भोंगा वाजवला, उगाचच, लांबलचक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होते. डॉक्टरीणबाई येऊन बसल्या, पण शेजारची सीट रिकामी. बाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते, हातांवर हात ठेवून.

"बाबा, चला ना!"

"दिवा गेला की आता. माझं काय काम?"

"दिव्याचं नाही काही. आज एका तांबड्या गायीला सुई द्यायचीय. मागच्या वेळी तुम्ही नव्हता, तर लाथ मारून तिनं मला गव्हाणीतच बसवलं. दोर कोण धरणार?"

बाबा एवढ्या लगबगीने उठले, की खुर्चीच उलटली. "थांब, थांब, बूट घालतो!"

तर मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरातले जुने काही मधूनच रुसले, तर त्याला चटकन दाराबाहेर काढू नका. चार दिवस त्याच्या शेजारी बसा. ते कधी रुसते, कधी खुलते, ते नीट पाहा. एवढा वेळ कुणी दिला, की आमच्यासारख्यांच्या अंगात अजून बरेच बळ असते. बरं, आता जास्त बोलत नाही. बाबांनी दार लावून घेतले आहे, आणि तांबडी गाय वाट पाहते आहे.