शेवटच्या तुकडीतली आशा

“आशे, लवकर बाद हो म्हणाले होते ना मी? मग एवढा वेळ आत काय करत होतीस?”

उपांत्य सामना जिंकूनही कलाबाई पोरीवर उखडल्या होत्या. आशानं मान खाली घातली. “इसरले बाई. पाय पळतच राहिले.”

खेळाडूला बाद व्हायला शिकवणारी बाई जिल्ह्यात दुसरी नसेल. पण पेठकडच्या सरकारी आश्रमशाळेत खो-खो शिकवणाऱ्या कलाबाईंचं तोंड दुधानं पोळलेलं, त्या ताकही फुंकूनच पिणार. दर वर्षी त्यांनी एक पोर तयार करायची आणि जूनमध्ये नाशिकच्या खाजगी शाळेनं ती उचलायची. फी माफ, वसतिगृह फुकट, सरावाला मॅट. बाप तरी नाही कसं म्हणणार? गेल्या वर्षी रूपाली गेली, आणि आज अंतिम सामन्यात तीच समोरच्या संघाची कर्णधार होती. म्हणून आशाला त्यांनी दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. पळायला कायम तिघींच्या शेवटच्या तुकडीत, आणि थोडं पळून बाद.

मुख्याध्यापक कारभारी सर कुरकुरले, “खाजगी आणि सरकारी शाळांच्या स्पर्धाच वेगळ्या करायला पाहिजेत. आपल्याच पोरी आपल्याला हरवतात.”

“वेगळी पंगत कशाला, सर? त्यांच्याच पंगतीत बसू आणि पोटभर जेवून उठू.”

बाईंच्या बोलण्यात जराही धाकधूक नव्हती. आज जिंकलं की विभागीय स्पर्धा, आणि तिथवर आश्रमशाळा कधी पोचलीच नव्हती.

शेवटच्या डावात मात्र आघाडी घसरत जेमतेम तीन गुणांवर आली. आता शेवटची तुकडी. मैदानात शिरता शिरता आशा थबकली.

“बाई, आज तरी पुरं पळू?”

कलाबाईंची नजर मैदानापलीकडे गेली. तिथं खाजगी शाळेचे प्रशिक्षक किशोर सर डोळे रोखून बसले होते. हिला मोकळं सोडलं तर कप आपला आणि पोर त्यांची. पण असं विचारावं लागलं पोरीला! आपण राखण केली की दावणीला बांधली? बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

“पळ. अंगात असेल तेवढं पळ.”

आशा सुटली. बरोबरीच्या दोघी बाद झाल्या, आघाडी एका गुणावर आली, तरी ही हाती लागेना. खांबापाशी हुलकावणी, बसलेल्या पोरींमधून वळसा, पुन्हा खांब. शेवटी रूपालीनं स्वतः झेप टाकली. आशा कमरेत वाकली आणि हात वरून गेला. तिची ही करामत रूपालीला आधीपासून ठाऊक होती, पण नव्या सरांना तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं. शिट्टी वाजली. आश्रमशाळेच्या पोरींनी आशाला उचलूनच घेतलं.

किशोर सर आलेच. “अभिनंदन, बाई. कुणाची ही मुलगी? कुठं लपवली होती?”

“गोटीरामची. घर मीच दाखवीन, पण विभागीय झाल्यावर. आणि आधी तिला विचारायचं, मग बापाला.”

सरांनी नाव टिपून घेतलं.

कडेला रूपालीनं नव्या शाळेनं दिलेले आपले बूट काढून आशाला घालायला दिले होते. आशा ते घालून उगाच उड्या मारत होती. कलाबाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“तिकडे गेलीस तर एक नंबर मोठे घे,” त्या म्हणाल्या. “पाऊल वाढतंय तुझं.”