माणशी एक जाकीट

प्रियदर्शनीबाई उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. रोज इंदापूरकडच्या काठावरून हिंदुरावांच्या लाँचनं त्या पलीकडं जायच्या. त्या सोमवारी वारं सुटलं होतं आणि लाँच माणसांनी गच्च भरली होती. बुडण्यापासून वाचवणारी जाकिटं मात्र आठच होती. बाई काठावरच थांबल्या.

"चढा की बाई," हिंदुराव म्हणाले. "बोटीच्या मापानं जाकिटं हायेत."

"मोठ्या जहाजांचाही पूर्वी हाच हिशोब होता. जहाजाचा आकार बघून जीवरक्षक होड्या ठेवायचे, माणसं मोजायचेच नाहीत. टायटॅनिक बुडाली तेव्हा निम्म्या लोकांना होड्यांत जागाच नव्हती. मग नियम झाला, माणशी एक जागा. जाकीट मिळाल्याशिवाय मी चढणार नाही."

"मग ऱ्हावा हितंच." हिंदुरावांनी चिडून इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात लेकीकडं निघालेल्या म्हाताऱ्या भागुबाई उठल्या. "थांब हिंदुराव. मला पवता येत न्हाय. उतरव मला."

त्यांच्यामागून आणखी बायका उतरल्या. हिंदुराव रिकाम्या फळ्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं. "आठ-आठ जण नेतो. झालं?"

बाई शेवटच्या खेपेला गेल्या. उशीर झाला म्हणून त्यांची अर्धी रजा लागली. तरी दुसऱ्या दिवशीही जाकिटं संपल्यावर त्या तशाच काठावर थांबल्या, आणि तिसऱ्या दिवशीही.

खेपा मारून हिंदुराव वैतागले. पुढच्या सोमवारी लाँचमध्ये प्रत्येक जागेवर एकेक नारिंगी जाकीट होतं. बाईंनी आपला पट्टा आवळला, शेजारणीचा तपासला आणि मगच म्हणाल्या, "हं, सोडा आता."